नावं आली, बैठक कधी?

फोन आला तेव्हा मी एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडत होतो. फाईल मोठी होती, साइट घेत नव्हती. २०२५ चा मार्च संपत आलेला, संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले. रोज्यांचे दिवस असल्यामुळे आमच्या देऊळघाटच्या बाजारात खजूर, पपई, कलिंगडाच्या गाड्या लागल्या होत्या आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

"डेस्कवरून बोलतोय. विधिमंडळाच्या समित्या जाहीर झाल्यात. यादी टाकतो तुला. आपल्या भागाशी कुठे संबंध येतो ते बघ आणि दोनशे शब्द कर. साडेआठच्या आत."

"हो सर," मी म्हणालो.

मला वार्ताहर होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते आणि त्या तीन आठवड्यांत मी "हो सर" याशिवाय फारसं काही बोललो नव्हतो. माझं खरं दुकान झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण'चे अर्ज भरता भरता निम्मं गाव माझ्या खुर्चीसमोर येऊन बसून गेलं. ते पाहून जिल्ह्याच्या एका दैनिकाचे तालुका प्रतिनिधी म्हणाले, "गावाची सगळी कागदं तुझ्या हाताखालून जातात. बातमी पण तूच देत जा." मानधन नाही, जाहिरात आणली तर टक्का. गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळालं, त्यावरच मी खूश होतो. तोवर दिलेल्या बातम्या म्हणजे टेनिस बॉल क्रिकेटचे सामने, शाळेचं स्नेहसंमेलन आणि ट्रॅक्टर उलटल्याची एक. त्या ट्रॅक्टरच्या बातमीवर डेस्कने 'देऊळगाव राजा, वार्ताहर' असं छापलं होतं. देऊळगाव राजा कुठे, देऊळघाट कुठे! पण बाहेरच्याला दोन्ही सारखीच वाटतात, त्यामुळे मी काही बोललो नाही. त्याच संध्याकाळी मी स्वतः त्याहून मोठा घोळ घालणार होतो.

यादी आली. मोबाइलवर बोटाने मोठी करून वाचायला लागलो. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, आश्वासन, विनंती अर्ज, उपविधान, अनुपस्थिती. सगळे शब्द मराठी आणि त्यातला एकही मला कळेना. 'अंदाज समिती' वाचून तर मला हसू आलं. सरकारात अंदाज बांधायलाही समिती लागते? 'अनुपस्थिती समिती' म्हणजे गैरहजर राहणाऱ्यांची समिती असेल, तर तिच्या बैठकीला येणार कोण?

एका नावावर मात्र माझा जीव भांड्यात पडला. पंचायत राज समिती, प्रमुख संतोष दानवे, भोकरदन. भोकरदन जिल्ह्याने जालन्यात, पण आमच्या बुलढाणा तालुक्याला लागूनच. आणि पंचायत समिती मला माहीत होती. बुलढाण्याला तिच्या कार्यालयाच्या पायऱ्या मी किती वेळा चढलोय. मी धडाधड टाइप केलं, 'भोकरदनचे आमदार संतोष दानवे यांची पंचायत समितीच्या सभापतिपदी निवड.' खाली परिसरातून अभिनंदनाचा वर्षाव होत असल्याचंही लिहिलं. वर्षाव वगैरे काही नव्हता, पण बातमी अशीच संपवतात हे मी शिकलो होतो. आठ वाजून दहा मिनिटांनी पाठवून दिली.

नऊला फोन आला. "अरे, विधानसभेचा आमदार पंचायत समितीचा सभापती कसा होईल? पंचायत समिती तालुक्याची असते. ही पंचायत *राज* समिती आहे, विधिमंडळाची, अख्ख्या राज्यासाठी. एक 'राज' खाल्लास तू!" मग जरा नरमून, "बातमी मारली मी. आता उद्या संध्याकाळपर्यंत चौकट दे. या समित्या म्हणजे काय, माणसं कशी नेमतात, सोप्या भाषेत. तुला कळलं तर वाचकाला कळेल."

"हो सर."

शेजारी पंक्चर काढणारे चाचा सगळं ऐकत होते. रोजा सुटल्यावर उरलेले चार खजूर त्यांनी वाटीतून पुढे केले आणि विचारलं, "कायची समिती म्हनतो तू?"

मी सांगितलं की मुंबईत समित्या झाल्यात.

"झाल्या का एकदाच्या!" ते उठूनच उभे राहिले. "मंग माझ्या कागदाचं पाह्य ना. मले तर दर खेपेले सांगतेत, समितीची बैठक नाही झाली म्हनून."

चाचांचा कागद म्हणजे श्रावणबाळ योजनेचा अर्ज. वय पासष्टच्या वर, उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या आत, मंजूर झाला तर महिन्याला पंधराशे रुपये. अर्ज मीच भरला होता. एका खिडकीवर त्यांना सांगितलं होतं की समितीची बैठक झाली की बघू. ती समिती तालुक्याची, निराधार योजनांचे अर्ज मंजूर करणारी. विधिमंडळाशी तिचा काही संबंध नाही, हे मला आज माहीत आहे. त्या रात्री माहीत नव्हतं. मी चाचांना म्हणालो, "बघतो." आमच्याकडे हा शब्द फार सोयीचा आहे. तो किती धोक्याचा आहे ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकान भावावर टाकून बुलढाणा गाठलं. ओळखीतले एक काका जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेत. त्यांना सगळा प्रकार सांगितला. ते आधी पोटभर हसले.

"तुझी चूक नाही रे बाबा," ते म्हणाले. "आपल्याकडे समित्या किती आहेत ते मोज. पंचायत समिती, बाजार समिती, शाळा व्यवस्थापन समिती, तंटामुक्ती समिती. जिल्हा परिषदच मुळात समितीच्या पोटातून आली. वसंतराव नाईकांची समिती बसली, तिने अहवाल दिला, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. माणूस गोंधळणारच."

"पण डेस्कवाले 'स्थायी समिती' म्हणत होते. ती तर जिल्हा परिषदेची असते ना?"

"तिथेही असते. अध्यक्षच तिचा सभापती. पण आता आहे कुठे? २०२२ च्या मार्चपासून आपल्या जिल्हा परिषदेवर प्रशासक आहे. सदस्य नाहीत तर स्थायी कुठली! विधिमंडळाची स्थायी समिती म्हणजे वेगळी गोष्ट. एखाद्या विधेयकासाठी किंवा चौकशीसाठी बसवतात ती तात्पुरती समिती. अहवाल दिला की संपली. स्थायी समिती संपत नाही. माणसं बदलतात, समिती राहते."

मग मी मुद्द्यावर आलो. ही माणसं नेमतं कोण? निवडणूक होते का?

काकांनी टेबलावरचं वीजबिल उलटं केलं आणि पेनचं टोपण काढलं. पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, कारण शाळेत न कळलेलं त्रैराशिक मला तिथे कळलं.

"विधानसभेत किती?"

"२८८."

"मनाने २४ जणांची एक समिती धर. खऱ्या समित्या लहानमोठ्या असतात, त्यांच्यात विधान परिषदेचेही लोक असतात, पण हिशेब समजायला २४ बरे. आता २८८ ला २४ ने भाग."

"बारा."

"म्हणजे बारा आमदारांमागे एक खुर्ची. नोव्हेंबर २०२४ च्या निकालात भाजपचे १३२."

"अकरा खुर्च्या. बाकी शून्य!" मला उगाचच आनंद झाला.

"शिवसेना, शिंद्यांची, ५७."

"चार खुर्च्या, नऊ आमदार उरले."

"राष्ट्रवादी, अजितदादांची, ४१."

"तीन. पाच उरले."

"उद्धव ठाकऱ्यांची शिवसेना २०."

"एक. आठ उरले."

"काँग्रेस १६."

"एक. चार उरले."

"शरद पवारांची राष्ट्रवादी १०."

"यांना तर एकही पुरी होत नाही."

"थांब. बाकी सगळे मिळून किती?"

सगळ्यांची बेरीज केली. २७६. म्हणजे इतर बारा. त्यांना बरोबर एक खुर्ची. आतापर्यंत वाटल्या एकवीस, हातात राहिल्या तीन.

"या तीन कुणाला?" काकांनी विचारलं.

"ज्यांचे उरलेले जास्त त्यांना?"

"हां. पवारांचे दहा, शिंद्यांचे नऊ, ठाकऱ्यांचे आठ. एकेक देऊन टाक."

अकरा, पाच, तीन, दोन, एक, एक आणि इतरांची एक. चोवीस. कागदावर सगळं चपखल बसलं होतं. काकांनी त्याखाली दोन रेघा मारल्या, जशा ते तीस वर्षं रोजकीर्दीखाली मारत आले असतील.

"आता या कागदाला विसर," ते म्हणाले.

"का?"

"कारण यातून मंत्री वजा करायचेत. सरकारचा हिशेब तपासणाऱ्या समितीवर सरकारातलाच माणूस कसा चालेल? घटनेतल्या २००३ च्या दुरुस्तीमुळे मंत्रिमंडळ विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर जात नाही. म्हणजे आपल्याकडे जास्तीत जास्त ४३. डिसेंबरात नागपूरला शपथा झाल्या त्या धरून चाळीसच्या घरात माणसं बाहेर गेली. आपल्या जिल्ह्याचं बघ. आमदार सात. त्यातले खामगावचे आकाश फुंडकर कामगार मंत्री. म्हणजे या हिशेबाला राहिले सहा."

मग त्यांनी रीत सांगितली. कोणत्या पक्षाला किती जागा हे ठरलं की पक्षाचे नेते आणि प्रतोद नावांची यादी देतात. विधानसभेच्या सदस्यांना अध्यक्ष नेमतात, परिषदेच्या सदस्यांना सभापती. यावेळचे अध्यक्ष राहुल नार्वेकर, डिसेंबर २०२४ मध्ये बिनविरोध निवडून आलेले. संसदेत रीत थोडी निराळी आहे. तिथे लोकलेखा समितीवर लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात आणि त्यांची रीतसर निवडणूक होते, पक्षांच्या बळाच्या प्रमाणात जागा मिळतील अशा पद्धतीने. तिथेही सगळे पक्ष आधीच बोलून तेवढीच नावं देतात, त्यामुळे मतदानाची वेळ सहसा येत नाही.

"आणि त्या बारा जणांची एक खुर्ची? त्यांच्यात समाजवादी पक्ष आहे, एमआयएम आहे, माकप आहे, शेकाप आहे, अपक्ष आहेत. बसणार कोण?"

"तिथेच नेमणाऱ्याचा हात दिसतो," काका म्हणाले. "पूर्णांकाला गणित असतं. अपूर्णांकाला माणूस लागतो."

प्रमुखपदाचं गणित त्याहून निराळं. ज्यांचं मंत्रिपद हुकलं त्यांना समितीचं प्रमुखपद देतात. अशा वेळी वर्तमानपत्रं 'पुनर्वसन' हा शब्द वापरतात. हा शब्द मी आजवर धरणग्रस्तांसाठीच ऐकला होता. त्या यादीत एकट्या भाजपच्या वाट्याला अकरा समित्यांची प्रमुखपदं आली होती.

मी वहीत लिहीत होतो आणि एकेका नावाचा उलगडा होत होता. 'अंदाज' म्हणजे अंदाजपत्रकातला अंदाज, आपला अंदाजे नव्हे. कोणत्या कामावर किती खर्च धरला, तो कमी कसा करता येईल, हे ती समिती बघते. लोकसभेत ती १९५० मध्ये सुरू झाली. लोकलेखा समिती उलट्या टोकाने बघते. पैसा खर्च होऊन गेल्यावर महालेखापरीक्षकांचा अहवाल येतो, तो घेऊन ती सचिवांना समोर बसवते आणि विचारते, हे असं का झालं? देशात ती १९२१ पासून आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीपासून. 'अनुपस्थिती'ला हसल्याचा तर मला मनातून पश्चात्ताप झाला. सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिलं तर आमदाराची जागा रिकामी ठरवता येते, असं घटनेतच आहे. आजारी आमदाराने रजा मागितली तर ती द्यावी की नाही, हे बघायला ही समिती.

आणि 'आश्वासन'. मंत्री सभागृहात उभे राहून म्हणतात, तपासून पाहू, कार्यवाही करू, अहवाल मागवू. त्या प्रत्येक वाक्याची नोंद ठेवायची आणि नंतर विचारायचं, पाहिलं का? केलं का? मागवला का? हे ऐकून मला चाचा आठवले. काल रात्री मी त्यांना 'बघतो' म्हणालो होतो. देऊळघाटात आश्वासन समिती असती तर माझं नाव पहिल्या पानावर आलं असतं.

"आता तू खाल्लेल्या 'राज'बद्दल ऐक," काका म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. इतका वेळ ते शिकवत होते. आता त्यांचा आवाज बदलला.

पंचायत राज समितीला आमच्या भागातले कर्मचारी 'पीआरसी' म्हणतात, आणि जरा दबक्या आवाजातच म्हणतात. जिल्हा परिषदांच्या लेखापरीक्षणात जे आक्षेप निघतात त्यांना 'परिच्छेद' म्हणायचं. परिच्छेदाला उत्तर द्यायचं ते 'अनुपालन'. समिती जिल्ह्यात येते ती बहुतेक तीन दिवस. पहिल्या दिवशी स्थानिक आमदारांशी बोलणं आणि मग मुख्य कार्यकारी अधिकारी, खातेप्रमुख यांच्यासमोर परिच्छेद वाचणं. दुसऱ्या दिवशी गट पडतात. एक गाडी या तालुक्यात, दुसरी त्या तालुक्यात. शाळा, दवाखाना, पंचायत समिती, एखादी ग्रामपंचायत. तिसऱ्या दिवशी पुन्हा टेबल.

"दौऱ्याची तारीख आली की कुठल्याही जिल्ह्यात जा, हेच दिसेल," काका म्हणाले. "रात्री बारापर्यंत लेखा शाखेत दिवे चालू. भिंतींना रंग, कपाटांना नंबर. दहा वर्षांपूर्वीची मोजमाप पुस्तिका शोधायची असते आणि ती ज्याच्या ताब्यात होती तो माणूस वारलेला असतो. मी पंधरा दिवस घरी जेवलो नव्हतो एका दौऱ्यात. पण खरं सांगू? त्या पंधरा दिवसांत जेवढ्या फायली जागेवर आल्या, तेवढ्या पुढच्या पाच वर्षांत आल्या नाहीत."

"समितीने नंतर काय केलं?"

"समाधान झालं नाही तर ते परिच्छेद मुंबईला जातात. तिथे खात्याच्या सचिवांची साक्ष होते. मग अहवाल दोन्ही सभागृहांत मांडतात. आपल्या मेहकरचे संजय रायमूलकर होते ना या समितीचे प्रमुख, २०२१ च्या सुमारास? म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा माणूस राज्यभर फिरून जिल्हा परिषदांचे हिशेब तपासत होता. आणि आता भोकरदनचा. घाटावरच्या माणसाला ही समिती परकी नाही. तुलाच माहीत नव्हती."

मग ते थोडा वेळ गप्प राहिले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी तसंच उतरवून घेतलं. "जिल्हा परिषदेत सदस्य असले तर दर महिन्याला कुणीतरी उठून विचारतो, या गावच्या वर्गखोलीचं काय झालं, त्या बिलाचं काय झालं. स्थायी समितीत शिव्या बसायच्या आम्हाला, पण प्रश्न यायचा. आता तीन वर्षं तो विचारणारा नाही. सगळे कागद अधिकाऱ्याकडून अधिकाऱ्याकडे जातात. लोकांनी निवडून दिलेला माणूस जिल्हा परिषदेची वही उघडतो अशी जागा सध्या एकच राहिलीय, ती ही. म्हणून यादीत कोणाचं नाव आलं यावर पेढे वाटू नका. ती बसते कधी, ते बघा."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी चौकट जुळवत होतो. पैनगंगा आमच्याकडे अजून पोरवयातली नदी आहे. ती अजिंठ्याच्या डोंगरातून नुकतीच निघालेली असते, आणि मार्चअखेर तर तिचा बराचसा भाग दगडगोटेच असतो. पण नकाशावर ती निळी रेघ सलग काढलेली असते. मला वाटलं, काल आलेली यादीही तशीच आहे. नावं सलग आहेत. पाणी किती, ते काठावर जाऊन बघावं लागेल.

चौकट १८० शब्दांची झाली. अंदाज म्हणजे काय, आश्वासन म्हणजे काय, बारा आमदारांमागे एक खुर्ची, मंत्री का नाहीत, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'समित्यांच्या पहिल्या बैठकांच्या तारखांकडे लक्ष लागले आहे.' सकाळी पेपर उघडला. चौकट होती, ९० शब्दांची. बारा आमदारांचं गणित उडालं होतं, शेवटचं वाक्यही उडालं होतं. माझं नाव नव्हतं, पण 'देऊळघाट, वार्ताहर' एवढं बरोबर होतं. मी दुकानाच्या काचेला ती चौकट आतून चिकटवली.

त्यानंतर मी एक वही केली. डावीकडे समितीचं आणि तिच्या प्रमुखाचं नाव, उजवीकडे 'बैठक'. वर्तमानपत्रात जे दिसेल ते लिहायचं. सुरुवातीला उजवी बाजू कोरीच होती. लोकलेखा समितीची तर डावी बाजूही अडली होती. संसदेत या समितीचं प्रमुखपद विरोधकांकडे द्यायचा पायंडा १९६७ मध्ये स्वतंत्र पक्षाच्या मिनू मसानींपासून पडला, आणि आपल्याकडेही लोक तेच धरून बोलतात. पण यावेळी विधानसभेत विरोधी पक्षनेताच नव्हता. त्या पदासाठी धरतात तेवढे, एक दशांश म्हणजे २९ आमदार कोणत्याच विरोधी पक्षाकडे नव्हते. भाजपच्या अकरा नावांत लोकलेखा नव्हती. पुढे काही महिन्यांनी काँग्रेसचे विजय वडेट्टीवार यांचं नाव आलं आणि मी डावीकडची ती ओळ पुरी केली.

उजवीकडची पहिली ठळक नोंद झाली ती मे महिन्यात, आणि ती वाचून मला वाईट वाटलं. अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. पैसे कोणाचे, कशासाठी, हे शोधायला विशेष तपास पथक नेमायचं ठरलं. पुन्हा एक नेमणूक. बातमी टीव्हीवर चालू असताना चाचा पान्हा हातात घेऊन दुकानाच्या दारात उभे होते. म्हणाले, "हिशेब पाहाले आलेल्याचा हिशेब कोन पाहीन?" मी वहीत धुळ्यासमोर तारीख टाकली आणि पुढे काय लिहावं हे न सुचून तशीच ठेवली. महिन्याभराने, जूनमध्ये, अंदाज समित्यांचीच मुंबईच्या विधान भवनात परिषद भरली. संसदेच्या अंदाज समितीला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून देशभरातल्या अंदाज समित्यांचे प्रमुख जमले होते. तीही नोंद केली. एकाच समितीच्या उजवीकडे दोन ओळी, एकीला दुसरीची ओळख नसल्यासारख्या.

काकांना फोनवर विचारलं, यातलं खरं कोणतं?

"दोन्ही," ते म्हणाले. "तिसरं तुझ्या वहीत नाही. सचिव समोर बसलाय, कोणीतरी परिच्छेद वाचतोय, आणि त्याला उत्तर देता येत नाहीये. ते छापून येत नाही कारण साक्ष बंद दाराआड होते. अहवाल मांडला की तो मिळतो. कोणी वाचत नाही. तू वाच."

अहवाल कोणालाही मिळतो, हे मात्र मला नवीन होतं. शोधू लागलो तर कळलं, संसदेत १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत, आधी १७ होत्या, आता २४. केरळात १९८० पासून विषयवार समित्या आहेत, विधेयकं त्यांच्याकडे जातात. त्यांचे अहवाल म्हणे विद्यार्थी अभ्यासाला घेतात. मी मोबाइलवर आमच्या विधिमंडळाचा एक जुना अहवाल उघडला. पहिली चार पानं नावांची. मग एका जिल्ह्यातल्या एका शाळेच्या वर्गखोलीचा परिच्छेद. खर्च झाला, खोली अपुरी, ठेकेदाराकडून वसुली का केली नाही? खात्याचं उत्तर, 'कार्यवाही सुरू आहे.' समितीचा अभिप्राय, 'हे उत्तर समाधानकारक नाही.' रात्री दोन वाजता, झेरॉक्स मशीनवर पाठ टेकून, मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. एवढं साधं वाक्य! पण आमच्याकडे खिडकीवरच्या माणसाला ते म्हणायची सोय नाही. म्हणायला समिती लागते, आणि ती बसावी लागते.

चाचांच्या कागदाचं मी शेवटी खरंच बघितलं. त्या समितीचा आणि विधिमंडळाचा संबंध नाही, हे त्यांना समजावून सांगितलं. विधिमंडळाकडे विनंती अर्ज करायचा तर तो आमदारामार्फत जातो आणि पंधराशे रुपयांच्या एका कागदासाठी ती वाट फार लांबची, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मुंबईची समिती मोठी, माझी लहान. पन दोघीबी बसत नाहीत, बराबर?" मी माझ्या वहीत शेवटच्या पानावर त्यांच्यासाठी एक ओळ केली. डावीकडे 'निराधार, तालुका'. उजवीकडे कोरं.

मग एका सोमवारी मी त्यांच्याबरोबर त्या खिडकीवर गेलो. ओळखपत्र खिशातच ठेवलं. नंबर आला. मी विचारलं, "समितीची बैठक झाली का?"

"झाली की," आतून आवाज आला. "गेल्या आठवड्यातच."

चाचांनी माझा दंड धरला. मी वही काढली, पेनचं टोपण काढलं.

"मग यांचा अर्ज मंजूर झाला का?"

"ते आता नाही सांगता येणार. इतिवृत्त यायचंय."

आम्ही बाहेर आलो. गाडी येईपर्यंत चाचा काही बोलले नाहीत. मग हळूच त्यांनी विचारलं, "हा इतिवृत्त कोन होय? कवा येतो तो?"

मी वहीत उजवीकडे तारीख लिहिली आणि त्यापुढे आणखी एक उभी रेघ ओढली.

"तिसरा रकाना झाला चाचा," मी म्हणालो. या वेळी 'बघतो' म्हणालो नाही.